काजळीचे डाग

पावसाळ्यात रानडुकरांवरचा नेम चुकू लागला, तसे मामा म्हणाले, "डोळे गेले आता." त्यांनी जीप चालवणंही सोडलं. रायफलीचा जुना लाकडी दस्ता चिरला होता, म्हणून मीच त्यांना दुरुस्तीवाल्याकडे घेऊन आलो.

नवा दस्ता पातळ थर चिकटवून केलेला, प्लायवूडचा थोरला भाऊच. कारागीर रायफलीच्या नळीला खालून काजळी फासून ती दस्त्याच्या खाचेत ठेवी, उचली, आणि काळा डाग पडला असेल तेवढंच लाकूड खरवडून काढी. नळीमागचा, गोळी भरायचा भाग मात्र त्याने लेप भरून घट्ट बसवला. लेप वाळल्यावर आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा त्याने नळीखालून कागदाची पट्टी सरकवली. ती कुठंच अडकली नाही.

"मागं पक्कं धरायचं, पुढं शिवायचंसुद्धा नाही," तो म्हणाला. "जुना दस्ता पावसात फुगून नळीला ढकलत होता. नेम चुकणारच."

मी त्या पट्टीकडे बघत राहिलो. माणसांना सांभाळताना आपला हात कुठं थांबायला हवा, ते दाखवणारी काजळी कुठं मिळत असेल?

मामांनी पट्टी स्वतः सरकवून पाहिली, दोनदा. बाहेर आल्यावर त्यांनी जीपच्या किल्लीसाठी माझ्यापुढे हात केला.