उठलेच म्हणावं

आज सकाळी शेजारच्या बांधकामावरून ओल्या प्लॅस्टरचा वास आला आणि देवळाली कॅम्पमधला तो दवाखाना आठवला. गुलाबाच्या वाफ्यात घसरून आईचा पाय मोडला होता, मांडीपर्यंतचं प्लॅस्टर अजून ओलं होतं. डॉक्टर केरळकडचे, त्यांना मराठी येत नव्हतं, म्हणून दोघांच्या मध्ये मी. माझा इंग्रजीचा क्लास नुकताच भूतकाळापर्यंत पोचला होता. डॉक्टर म्हणाले, चालायला बरेच महिने लागतील, आईंना धीर द्या. मी ते सांगितलं, तर आई म्हणाली, "कसले महिने? उठलेच म्हणावं." 'उठले' म्हणजे भूतकाळ, म्हणून मी ऐटीत म्हणाले, "शी गॉट अप." डॉक्टर दचकले आणि "व्हेन?" म्हणत प्लॅस्टर तपासायला वाकले. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "नो सर, शी विल गेट अप." ते हसायला लागले. आईने विचारलं, "काय बदललंस गं?" "तू उठशील, असं सांगितलं." "उठशील काय? उठलेच म्हटलं ना मी." आज मघाशी मी आईला चहाला हाक मारली, तर वाफ्यातून आवाज आला, "आलेच." खिडकीतून पाहिलं, ती अजून फुलंच तोडत होती. मी तिचा कप भरला.