लक्ष्मणभाऊंचा टायफाइड

लक्ष्मणभाऊंना टायफाइड झाला तो डॉक्टरसाहेबांच्या तोंडी हुकुमाने. लक्ष्मणभाऊ आमच्या आरोग्य केंद्राचे जीप ड्रायव्हर. नागपूरहून मोठे साहेब व्हिजिटला येणार होते आणि वॉर्डातल्या खाटा रिकाम्या होत्या. कपाटातल्या नव्या चादरी अंथरल्यावर त्या जास्तच रिकाम्या दिसू लागल्या. मग शिपाई, माळी, शिपायाचे सासरे असे सगळे पेशंट म्हणून भरती झाले. एकुलता एक सलाइनचा स्टँड लक्ष्मणभाऊंच्या वाट्याला आला. सुई टोचली नव्हती. नळी दंडाला चिकटपट्टीने लावली होती.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी मेडिकलच्या शेवटच्या वर्षाला होते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत वडनेरजवळच्या या केंद्रात शिकायला आले होते. कॉन्व्हेंटात शिकल्यामुळे माझं मराठी अडखळायचं, म्हणून मी गप्प राहायचे. माझ्या गप्प राहण्याला डॉक्टरसाहेब शिस्त म्हणत.

तेवढ्यात बैलगाडीतून सुमन नावाची पेशंट आली. सोबत तिची सासू. ती म्हणाली,

"बाई, रातपासून हगवण नं उलट्या चालू हायेत. आता तं बोलूनही नाई राह्यली."

मी तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच सपाट व्हायला हवी. झाली नाही. अंगातलं पाणी संपल्याची ही खूण. नाडी लागत नव्हती.

डॉक्टरसाहेब म्हणाले, "व्हरांड्यात ठेवा. व्हिजिट झाली की बघू."

"सर, तोवर ती मरेल."

"मॅडम, साहेबांची गाडी फाट्यावर आलीय." ते टाय सावरत गेटकडे पळाले.

मी सिस्टरकडे पाहिलं. तिने सुमनला उचललंच होतं.

"लक्ष्मणभाऊ, उठा."

"कसा उठू मॅडम? साहेबानं पडून राहाले सांगतलं. मले टायफाइड हाय."

सासू जवळ जाऊन बघत होती. "टायफाइडवाल्याच्या तोंडात तंबाखूचा खर्रा काऊन हाय रे?"

लक्ष्मणभाऊ उठले. त्यांच्या खाटेवर सुमनला निजवलं, पण तिची शीर सापडत नव्हती. घोट्याजवळ एक मिळाली. सलाइन सुरू झालं आणि सुमनने नव्या चादरीवर उलटी केली. त्याच क्षणी मोठे साहेब आत आले.

ते थांबले लक्ष्मणभाऊंपाशी. भाऊंच्या दंडावर चिकटपट्टी अजून तशीच होती. "याला काय झालंय?"

"टायफाइड होता, सर," डॉक्टरसाहेब म्हणाले. "रिकव्हर झाला."

"व्हेरी गुड. चालतोय-फिरतोय की!"

"हो जी," लक्ष्मणभाऊ म्हणाले. "आता जीपही चालवतो."

मोठ्या साहेबांनी त्यांची पाठ थोपटली. मग सुमनच्या खाटेकडे वळले. नाकाला रुमाल लावून म्हणाले, "ही चादर बदला."

संध्याकाळी सुमनला लघवी झाली. म्हणजे मूत्रपिंडं शाबूत होती. तिने सासूकडे भाकर मागितली, तेव्हा मी हातपंपावर जाऊन तोंड धुतलं. बराच वेळ धुतलं.

परत आले तर डॉक्टरसाहेब उभे होते. "पेशंट वाचली, ठीक आहे. पण चादर धुवून कपाटात गेली पाहिजे."

पुढे बरीच वर्षं मी सरकारी नोकरी केली. तिथे बरं होऊन शाबासकी मिळवायची असेल, तर आधीपासूनच धडधाकट असलेलं बरं.