उतार आणि लायनर

दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईच्या दिवसांत मी चुलतभावाची मालमोटार चालवायचो. जिंतूरकडचा कापूस बोरीवरून परभणीच्या जिनिंगात, सरकी काढायच्या कारखान्यात, पोचवायचा. मला धास्ती असे ती मोटार चालवण्याची नव्हे, थांबवण्याची.

ब्रेक दाबला की चाकाच्या ड्रमात दोन लोखंडी कमानी फाकतात आणि त्यांच्यावर रिबिटी मारून ठोकलेला पट्टा ड्रमला आतून घासतो. तो पट्टा म्हणजे लायनर. मोटारीबरोबर आलेला लायनर न जळणाऱ्या दगडी धाग्याचा, आत पितळी तार घालून विणलेला होता. तो झिजला, रिबिटी ड्रमला खरवडायला लागल्या. नव्यासाठी हैदराबादला किती वेळा विचारलं! जबाब एकच, माल नाही.

"घासायचंच हाय न्हवं?" भाऊ म्हणाला. "जिनिंगातल्या यंत्राचा जुना पट्टा काप अन् बसव."

"दादा, त्यात रबर हाय. तापलं की मऊ पडंल."

"लय शाना झालास. बसव म्हन्लं तर बसव."

बसवला. सपाट रस्त्यावर मोटार अशी झटक्यात थांबे की भाऊ माझ्याकडं बघून हसायचा. कापडाचे थर आणि मधलं रबर थंड असेतो ड्रमला छान धरायचं. पण जिंतूरजवळच्या उतारावर भरल्या मोटारीचा ब्रेक सारखा दाबून ठेवावा लागे. एका दुपारी निम्म्या उतारावर जळक्या रबराचा वास आला. ब्रेक पुरा दाबलेला, पण मोटार धरेना. पुढं रस्ताभर मेंढरं. भोंगा वाजवत मी मोटार कडेच्या मातीत घुसवली. तरी एक मेंढी चाकाखाली गेलीच.

धनगर काठी उगारून धावला. "थांबवता येत न्हाई तर चालवतूस कशाला रे?"

हेच तर मी घरी ओरडून सांगत होतो. ड्रम उघडला तर पट्ट्यावर काचेसारखी गुळगुळीत साय धरलेली. भावानं धनगराला मेंढी भरून दिली आणि मला म्हणाला, "तू भ्यालास म्हनून झालं."

संतापानं मला जेवण गेलं नाही. लोकर वितळत नाही, नुसती कोळपते, एवढं मला ठाऊक होतं. त्या धनगराच्या घरी घोंगड्यांचा माग होता. जुन्या लायनरचा तुकडा घेऊन गेलो. तो तोंड फिरवून बसला. त्याची बायकोच म्हणाली, "इनून द्या. आपलीच मेंढरं वाचतील."

त्यानं लोकर आणि पितळी तार मिळून पट्टा विणला. पहिला सैल निघाला, रिबिटीच्या भोकांपाशी उसवला. दुसरा त्यानं ठोकून ठोकून घट्ट विणला. मी तो राळ घातलेल्या जवसाच्या तेलात मुरवून भट्टीजवळ वाळवला.

तो बसवल्यावर ब्रेक धरू लागला. तार घासणीची धग आतल्या लोखंडाकडं ओढून घ्यायची, म्हणून पृष्ठभाग लवकर भाजत नसे. पण तारांमधली लोकर कोळपून तिचा भुगा व्हायचा. म्हणून निम्म्या उतारावर थांबून ड्रम गार होऊ द्यावे लागत. कापसावर बसून आलेली बाजारची माणसं तिथून पायी उतरत आणि मला शिव्या देत.

"बैलगाडी बरी," भाऊ रोज म्हणे.

लढाई संपल्यावर खरा लायनर आला. मी तो बसवत असताना भाऊ शेजारी उभा होता.

"बघ, उगाच घोर केलास. इतके दिस चाललंच की."

मी हातोडा खाली ठेवला. मोटार सुरू करायचं हँडल उचलून मी त्याच्या हातात दिलं. "लोकरीचाच पट्टा परत बसवतो. भरली मोटार उतारावरनं तुमी आना."

त्यानं हँडलाकडं पाहिलं. मग ते बोनेटवर ठेवून समोरच्या हॉटेलात चहा सांगायला गेला.