हैबतीचे दगड

विंझरच्या हैबतीचं उभं आयुष्य डोंगरात गुरं राखण्यात गेलं. तोरणा आणि राजगड एका नजरेत मावतील असा एक कडा त्याला ठाऊक होता. वाटेतल्या फाट्याफाट्यावर गुराखी करतात तशी त्याने दगडावर दगड रचून खूण केली होती.

छत्तीस साली पुण्याच्या त्रिंबकपंतांना त्याने तो कडा दाखवला, वर घरची भाकरीही खाऊ घातली. वर्षभरात पुण्याजवळच्या रम्य जागांवर पंतांचं पुस्तक निघालं. शाळेच्या मास्तरांनी ते हैबतीला वाचून दाखवलं: ‘हा कडा मी एकट्याने शोधून काढला. दगडांच्या खुणा धरून चालावे.’

“एकट्यानं? मग माजी भाकर काय भुतानं खाल्ली?” हैबतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दिवाळीनंतर पंत पाहुण्यांना कडा दाखवायला येणार, असं मास्तरांकडूनच कळलं. हैबतीने दोन दिवस खपून एकूण एक खूण हलवली.

पंत आले आणि हैबतीच्या दाराकडे न बघताच पुढे गेले. वाट आठवत नव्हती. सगळा भरवसा दगडांवर. करवंदीच्या जाळ्यांत धोतरं फाडून घेत, भर दुपारी मंडळी शेवटच्या खुणेपाशी पोचली. समोर उकिरडा होता. शेजारी हैबती तंबाखू मळत बसला होता.

“या पंत,” तो म्हणाला, “ही बी जागा पुस्तकात छापा. पर हितं नाव माजं लिवा. उकिरडा माज्या घरचा हाय.”