दारामागे काय होतं

आमच्या अख्ख्या वर्धा जिल्ह्यात माझ्या थोरल्या जाऊबाईंइतकं घाबरणारं माणूस झालं नाही, आणि घाबरण्यातून इतकं सुख काढणारं तर बहुधा पृथ्वीवर झालं नसेल. इतरांना भीती वाटली की ते लांब पळतात. आमच्या ह्या बाई तिला पाट मांडून जेवायला बसवतात. फ्रिजचं दार लावल्यावर आतला दिवा खरंच विझतो का, याची त्यांना आजही खात्री नाही. कुकरची शिट्टी व्हायच्या बेतात आली की त्या स्वयंपाकघरातून बाहेर येऊन भिंतीआड उभ्या राहतात आणि तिथूनच त्याला "हो, हो, झालं" असं समजावतात. कपाट कधी पुरतं लावत नाहीत. का, म्हणून विचारलं तर म्हणतात, "आत काही असलंच तं त्याले कोंडल्यासारखं नको वाटायले."

मी सिंदी रेल्वे या गावाहून लग्न होऊन वर्ध्याला आले तेव्हा माझ्या अंगात विज्ञान फार होतं. बी.एस्सी.चं एकच वर्ष झालं होतं, पण बोलणं असं की उरलेली वर्षं मी स्वतः शिकवते आहे. पहिल्याच आठवड्यात मी बाईंना ऐकवलं, "बाई, भूतबीत काही नसतं. प्रत्येक गोष्टीला कारण असतं." बाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "असते ना वो. त्या कारणाचंच तं भेव वाटते." त्या रात्रीपासून ही विज्ञानाची विद्यार्थिनी मागच्या अंगणातल्या मोरीकडे एकटी जाईना. नवऱ्याला उठवायची लाज, म्हणून सासूबाईंना उठवायची. त्या बिचाऱ्या कंदील धरून बाहेर उभ्या राहायच्या आणि मी आतून त्यांना गुरुत्वाकर्षण समजावून सांगायची, म्हणजे त्या तिथेच आहेत हे कळत राही.

जेठजींचं, म्हणजे बाईंच्या यजमानांचं, व्हिडिओ कॅसेटी भाड्यानं देण्याचं दुकान होतं. लोक लग्नाचे, देवाधर्माचे, मारामारीचे सिनेमे न्यायचे. घाबरवणारी कॅसेट आली की ती आधी घरी यायची, कारण ती पास करायचं काम बाईंकडे होतं. तेही भर दुपारी. "रात्री घाबरायले काय अक्कल लागते?" त्या म्हणायच्या. "अंधारात कोणीबी घाबरते." विदर्भातली मे महिन्यातली दुपार ज्यानं पाहिली नाही त्याला हे पटायचं नाही. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, ऊन पांढरं झालेलं, सगळ्या आळीची दारं आतून बंद, आणि कूलरच्या घरघरीत कुणी हाक मारली की काय असं सारखं वाटत राहतं. अशा वेळी खिडक्यांवर खसाचे, म्हणजे वाळ्याचे, ओले पडदे सोडून आम्ही दोघी सतरंजीवर बसायचो. बाई माझा हात हातात घेऊन ठेवायच्या. मला वाटे, किती माया. ती माया नव्हती, मोजमाप होतं. माझ्या तळहाताला घाम आला तर सिनेमा पास. सिनेमा संपला की बाई पदरानं माझा हात पुसायच्या आणि जेठजींना सांगायच्या, "ठेवा. चांगला हाय." हात कोरडा राहिला की कॅसेट परत.

त्यातलीच एक जुनी इंग्रजी कॅसेट बाईंनी दुकानात कधी परत जाऊच दिली नाही. समुद्रातल्या एका दीपगृहात एक बाई एकटी राहते. नवरा होडी घेऊन गेलेला, आलेला नाही. एका दुपारी आकाशातून काहीतरी समुद्रात पडतं. दुसऱ्या दिवसापासून दीपगृहाच्या जिन्यावर ओली पावलं वाजायला लागतात, रोज थोडी आणखी वर. आणि एक दिवस दाराबाहेरून नवऱ्याचा आवाज येतो, दार उघड म्हणून. मी बाईंना भाषांतर करून सांगायची. जिथं इंग्रजी समजायचं नाही तिथं मी स्वतःच किंचाळायची, त्यामुळे बाईंना कधी शंका आली नाही. शेवटी ती बाई कडी काढते, दार हलतं, आणि पडदा एकदम काळा. चित्र परत येतं तेव्हा ती जमिनीवर पडलेली आणि तिचे केस पांढरे झालेले. दारामागे काय होतं ते दाखवतच नाहीत. "ह्याले म्हणतात बनवणारा," बाई म्हणायच्या. "दाखवलं की भेव संपते. त्याले समजत होतं."

त्या कॅसेटीनं आमच्या घराला एक कायदाच लावून दिला. दुपारी कुणी दार वाजवलं तर नुसत्या आवाजावर उघडायचं नाही. आवाज कुणाचाही काढता येतो. आतून बाई विचारणार, "सकाळी कोणती भाजी केली होती?" जेठजी दुपारच्या जेवणाला दुकानातून यायचे आणि डोक्यावर रुमाल टाकून त्या उन्हात उभे राहून ओरडायचे, "वांग्याची. अन् कालची तुरीची दाळ. आता उघडता का?" पोस्टमनला आमची भाजी ठाऊक नसायची, म्हणून आमची पत्रं कायम शेजारी पडायची. मी या प्रकाराला खूप हसायची. माझी पाळी आली की मात्र भाजीबरोबर फोडणीत काय होतं तेही सांगून मोकळी व्हायची.

आता जेठजी नाहीत, माझे यजमान नाहीत, कॅसेट लावायचं मशीन कधीचं बिघडून माळ्यावर गेलं. घरात आम्ही दोघी. आणि गेल्या वर्षीपासून बाईंना दिसेनासं झालं. एक डोळा लहानपणापासून अधू. दुसऱ्यात मोतीबिंदू पिकला. सावंगीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आणखी लांबवलं तर आत दाब वाढेल आणि उरलीसुरली नजरही जाईल. बाई घरी आल्या आणि पलंगावर बसून राहिल्या. आयुष्यभर त्यांची भीती मी पाहिली होती, पण ती तोंडाला पाणी सुटल्यासारखी असायची. या वेळी तसं काही नव्हतं. चेहरा नुसता पांढरा पडलेला.

"डोळ्यात चाकू घालतात अन् माणूस जागंच राह्यते म्हणे."

"दुखत नाही, बाई. थेंब टाकून बधीर करतात. सगळ्याला..."

"कारण असते. मालूम हाय." त्यांनी कूस बदलली. "मले नाई करायचं. झालं आता सारं पाहून."

महिना गेला. त्या भिंत चाचपत मोरीपर्यंत जायला लागल्या, आणि मी रोज पहाटे उठून आधी त्यांना चहाचा कप दिसतो का ते पाहायची. विचारायचं धाडस होत नव्हतं, म्हणून कप मुद्दाम थोडा बाजूला ठेवायची. हात एका दिवशी बरोबर जायचा, एका दिवशी रिकाम्या जागी. ज्या दिवशी रिकाम्या जागी जायचा त्या दिवशी मला दिवसभर जिन्यावर पावलं ऐकू यायची, आणि आमच्या घराला तर जिनाच नाही.

उन्हाळ्यात माझी नात पुण्याहून आली. तिनं आमच्या दीपगृहाच्या गोष्टी लहानपणापासून ऐकलेल्या. तिनं दोन वस्तू आणल्या: त्याच जुन्या सिनेमाची नव्यानं साफसूफ करून काढलेली डिस्क, आणि त्याच गोष्टीवर हल्ली पुन्हा काढलेला नवा सिनेमा. "मोठी आजी, सांग आता कुठला भारी," ती म्हणाली. मीही म्हटलं, चला, तेवढंच बाईंचं मन लागेल. खसाचे पडदे सोडले, कूलर लावला. बाईंनी माझा हात घेतला. "तू सांग. मले नुसता उजेड हलतांनी दिसते."

आधी नवा लावला. पहिल्याच झटक्यात आकाशातून पडलेला तो प्राणी समुद्रातून बाहेर. त्याला इतके हात की मोजायचा कंटाळा यावा, आणि सगळा वेळ जबडा वासून डरकाळ्या. मी इमानानं सांगत होते. थोड्या वेळानं बाई म्हणाल्या, "इतकं तोंड उघडून दाखवते तं त्याले दाताच्या डॉक्टरकडे ने म्हणा. हात पाहा तुझा, पापडासारखा कोरडा. बंद कर."

मग जुना. आमच्या कॅसेटीत नेहमी पाऊस पडत असल्यासारखं दिसायचं. इथं जिन्याच्या दगडावरची ओल वेगळी दिसत होती. पावलं वर आली. नवऱ्याचा आवाज आला. बाईंची बोटं घट्ट झाली. कडी निघाली, दार हललं, आणि पडदा काळा झालाच नाही. दार सताड उघडलं. दारात एक माणूस उभा होता, रबराच्या हिरव्या झग्यात, डोक्यावर दोन स्प्रिंगा, आणि वळला तेव्हा पाठीवर झग्याची चेन लख्ख दिसली. म्हणजे आमच्या कॅसेटीतली तेवढी टेप कुठल्यातरी मशीननं चावून टाकली होती, आणि कुणीतरी चिकटपट्टीनं दोन टोकं जोडली होती. आम्ही जन्मभर घाबरलो ते त्या चिकटपट्टीला. नात तोंडावर उशी दाबून हसत होती. मला हसूही येईना.

"काऊन गप्प झाली वो?" बाईंनी विचारलं. "काळं झालं का?"

"नाही, बाई. यात दाखवलंय."

त्या माझ्याकडे सरकल्या. "काय हाय?"

तोंडावर उत्तर आलं होतं. तेवढ्यात मनात आलं की आत्ता आपण ही चेन सांगितली, तर बाईंना पाहण्यासारखं जगात काय उरेल? आणि नाही सांगितलं तर? हाताला दरदरून घाम सुटला.

"मी नाही सांगणार," मी म्हटलं. "माझ्यानं सांगवत नाही. डोळा करा आणि तुम्हीच पाहा."

बाईंनी माझा तळहात उलटा करून चाचपला. बराच वेळ. मग पदरानं पुसला.

ऑपरेशनच्या दिवशी त्यांना आत नेलं आणि मी बाहेरच्या बाकावर बसले. विज्ञान एक अक्षर आठवेना. मला बोलावलं तेव्हा बाई डोळ्यावर पट्टी घेऊन बसल्या होत्या. माझी चाहूल लागताच म्हणाल्या, "कोण हाय? सकाळी कोणती भाजी केली होती?"

"काहीच नाही, बाई. सकाळपासून आपण इथंच आहोत."

"हं. तूच होय."

पावसाळा लागता लागता त्यांना पेपरातला बारीक टाइपही दिसायला लागला. एका दुपारी त्यांनी स्वतःच पडदे ओढले आणि डिस्क लावायला सांगितली. मी सबंध सिनेमाभर पडद्याकडे पाहिलंच नाही. त्यांच्याकडे पाहत होते. पावलं वर आली. आवाज आला. कडी निघाली. आणि बाईंनी तो नवा कोरा, सावंगीहून आणलेला डोळा गच्च मिटून घेतला.

दार उघडलं, बंद झालं. दीपगृहातली ती पांढऱ्या केसांची होऊन पडली तेव्हा बाईंनी डोळा उघडला.

"कसं होतं?" त्यांनी हळूच विचारलं.

"भयंकर," मी म्हटलं.

त्यांनी माझा हात ओढून घेतला. कोरडा ठणठणीत होता, बोटांना कळलंच असणार. तरी त्यांनी पदराचं टोक घेतलं आणि तो नीट पुसला.