मामींची सगळीकडून गळणारी गाडी

मामींना कुणी खुर्चीत टेकलेलं पाहिलंय? नावच काढू नका! चहा उभ्याने, जेवण ओट्याला टेकून आणि भांडण तर चालता चालताच. पायाला भिंगरी म्हणतात ती हीच. बसायच्या फक्त गाडीत, तेही स्टिअरिंग स्वतःच्या हातात असेल तरच.

शिलाई कारखान्यातल्या बायकांना सकाळी नेऊन सोडायचं, मधल्या वेळात मिळेल ते भाडं मारायचं, संध्याकाळी बायकांना घरोघर पोचवायचं, हा त्यांचा धंदा. व्हॅन इतकी जुनी की मीटर एकदा पूर्ण फिरून पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागलेला. आधी ती मामा चालवायचे. मामांची उजवी बाजू लुळी पडली तेव्हा चुलतदीर म्हणाले, "आता गाडी विकून टाका." मामींनी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि त्याच आठवड्यात त्या गाडी शिकायला लागल्या. घर तेव्हापासून त्या गाडीवरच चाललेलं. ती गेली तर चूल बंद, इतकं सरळ.

आणि तीच गाडी आता ऑइल गाळत होती. एखादा थेंब पडला तर कोण बोलतंय, पण रोज सकाळी खाली चांगलं डबकं!

गॅरेजवाले मेस्त्री मामांचे जुने दोस्त. मामींना वहिनी म्हणायचे, त्यामुळे रागवायचा हक्क आपोआपच मिळालेला. त्यांनी आधी इंजिनाच्या वरच्या झाकणाचं गॅस्केट बदललं. चार दिवस बरे गेले. मग पुढच्या सीलमधून गळायला लागलं. सील बदललं, तर मागून, गिअरबॉक्सच्या सांध्यातून. इथलं बुजवलं की तिथून. मेस्त्री डोकं खाजवून म्हणाले, "वहिनी, लक्षण ठीक नाही. इंजिन आतूनच बसलं असेल तर खोलून उपयोग नाही. भंगारात द्या."

"तुम्हालाच देते भंगारात," मामी म्हणाल्या. "नीट बघा आधी."

"बघू काय, कपाळ? दरवेळी इंजिन आरशासारखं पुसून आणता. तेल कुठून सुरू झालं ते दिसणार कसं? डॉक्टरकडे जाताना ताप उतरवून जाता का?"

पुसण्याचं काम मामांचं. रोज गाडीशेजारी खुर्ची ओढून, डाव्या हाताने, तासन्‌तास. तेवढंच त्यांच्याकडे उरलेलं. मामींनी घरी येऊन फर्मान काढलं, "आता इंजिनाला हात लावायचा नाही."

"मग मी करू काय?" मामा म्हणाले.

"बघत बसा." एवढं बोलून मामी निघाल्यासुद्धा. मामांचा चेहरा पाहायला वेळ कुणाला होता!

मधल्या दिवसांत बाईला चैन म्हणून नाही. सिग्नलला थांबल्या की खाली उतरून गाडीखाली वाकायच्या. मागच्या बायका म्हणायच्या, "मामी, हिरवा पडला!" रात्री डोळा लागेना. इंजिन धरलं, जागीच जाम झालं तर काय, बायकांनी दुसरी गाडी लावली तर काय, नुसतं डोक्यात दळण.

शेवटी माखलेली गाडी गॅरेजात उभी राहिली. मेस्त्रींनी ती नीट पाहिली, पण सगळीकडेच तेल, सुरुवात कळेना. मग स्वतः धुतली, वाळवली आणि इंजिनावर चक्क तोंडाला लावायची पावडर उधळली. पांढऱ्यावर तेलाचा ओघळ लगेच दिसतो. इंजिन चालू केलं. मामी येरझाऱ्या घालत होत्या.

"वहिनी, एका जागी उभ्या राहा हो, मला गरगरतंय!"

पावडर काळी पडायला लागली. पण एका जागी नाही. झाकणापाशी, पुढे, मागे, तेल मोजायच्या पट्टीच्या भोकातूनसुद्धा. मेस्त्रींनी ऑइलचं बूच सैल केलं तर ते हातातच थडथडायला लागलं. "आत हवा कोंडलीय," ते म्हणाले. मामींच्या येरझाऱ्या थांबल्या. आत हवा कोंडते ती बहुतेक पिस्टन झिजल्यावर. म्हणजे संपलंच.

मेस्त्री मात्र पुढे वाकले. कोंडलेली हवा बाहेर सोडणारा एक पाइप असतो, त्याच्या तोंडाशी त्यांनी हात धरला. एवढ्या जुन्या इंजिनाचा तो पाइप फुसफुसायला हवा. इथे वाऱ्याची झुळूक नाही. त्यांनी पाइप उपटला, आत बोट घातलं आणि तेलाने थबथबलेला कापडाचा बोळा बाहेर काढला.

"नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात ना, ते हे! हवा जाईल कुठे? मिळेल त्या फटीतून तेल घेऊन बाहेर. इंजिन ठणठणीत आहे, वहिनी. पण हा बोळा कोंबला कुणी?"

फडकं मामींनी ओळखलं. धुताना आत पाणी जाऊ नये म्हणून त्या पाइपात बोळा घालायची मामांची जुनी सवय.

"मीच," मामी म्हणाल्या. मग मेस्त्रींनी त्यांना यथेच्छ झापलं आणि जन्मात पहिल्यांदाच मामींनी ते एका जागी उभं राहून ऐकून घेतलं.

घरी जाताना त्यांनी थाप ठरवून ठेवली होती. नट सैल होता म्हणायचं. उगाच माणसाच्या जिवाला लागायचं. मामा दारातच खुर्ची टाकून बसलेले.

"बोळा निघाला ना?" त्यांनीच विचारलं.

मामी जागच्या जागी थिजल्या. "तुम्हाला माहीत होतं?"

"घातला आणि काढायला विसरलो. गळायला लागल्यावर आठवलं."

"मग बोलला का नाहीत? अहो, इंजिन धरलं असतं! खाल्लं काय असतं आपण?"

"चुकलंच माझं," मामा खाली बघत म्हणाले. "सांगणारच होतो. पण गॅस्केट बदलायला गाडी गॅरेजात राहिली त्या दिवशी तू दिवसभर घरी होतीस. ताडताड बोललीस, भांडलीस, पण होतीस. म्हटलं, अजून एक दिवस. मग अजून एक."

मामींच्या तोंडाशी शिव्या आल्या होत्या. त्या तशाच राहिल्या. सकाळी आपण निघतो ते संध्याकाळी उगवतो, मधल्या वेळात हा माणूस कुणाशी बोलतो, हे त्यांनी कधी मनातसुद्धा आणलं नव्हतं.

"उठा," त्या म्हणाल्या. "बायका सुटायची वेळ झाली. पुढच्या सीटवर माझ्या शेजारी बसायचं."

"मला चढता यायचं नाही गं."

"मी ढकलते."

मामांनी खुर्चीचा हात धरला, अर्धवट उठले आणि थांबले. "आजच्यापुरतंच ना?"

"रोज!" मामी खेकसल्या आणि त्यांना रडूच फुटलं.