डिकीतली हिमनदी

आमच्या घरात आइसक्रीमच्या डब्यात आइसक्रीम फार तर एक दिवस टिकायचं. नंतर त्यात रवा, सुक्या मिरच्या, शिवणाचे दोरे. आणि एका डब्यात, दर वर्षी, गणपतीची माती.

शारजातल्या आमच्या फ्लॅटमध्ये ओंजळीत मावेल एवढी शाडूची मूर्ती यायची. सुट्टीवरून परतताना माझे यजमान ती स्वतःच्या शर्टात गुंडाळून, विमानात मांडीवर धरून आणायचे. दीड दिवसानं बाथरूममधल्या बादलीत विसर्जन. तेव्हा आमच्या ओळखीतली बरीच घरं तसंच करायची. वाजतगाजत समुद्रावर जायचा प्रश्नच नव्हता. मूर्ती विरघळली की वरचं पाणी कुंड्यांना जायचं, आणि तळाची माती ते बाल्कनीत वाळवून डब्यात भरून ठेवायचे. थंडी पडली की एखाद्या शुक्रवारी गाडी काढून फुजैराच्या बाजूला, पूर्व किनाऱ्यावर जायचे आणि ती माती तिथल्या समुद्रात सोडून यायचे. येताना त्याच डब्यातून तिथली मूठभर काळसर वाळू आणायचे. ती गणपतीच्या पाटावर थोडा वेळ ठेवायची, मग कुंडीत. गावाकडे विसर्जनानंतर नदीची वाळू आणतात, तसंच.

मी कधी बरोबर गेले नाही. डोंगरातली वळणं मला सोसत नाहीत. मी म्हणायचे, "अहो, इथे नळाला समुद्राचंच तर पाणी येतं. बादलीत झालं ते समुद्रातच झालं की!"

"मीठ काढून घेतलेला समुद्र तो," ते म्हणायचे. "त्याला काय अर्थ आहे?"

त्या वर्षी माती वाळली, डब्यात भरली गेली, आणि थंडी पडायच्या आत ते गेले. ऑफिसात, खुर्चीतच. त्यांना घेऊन आम्ही गावी गेलो. तिथलं सगळं उरकून मी आणि मुलगी परत आलो त्या फक्त घर आवरायला. आमचे व्हिसा त्यांच्या नोकरीवर होते. फ्रिज कोणाला, पलंग कोणाला, पुस्तकं कोणाला, हे ठरवण्यात दिवस जात होते. मी शाळेच्या लायब्ररीत काम करत असे; पुस्तकं बांधायची मला सवय होती. पण त्या दिवसांत एक खोकं बांधून झालं की मी त्याच्यावरच बसून राहायचे.

बाल्कनीत तो डबा होता. झाकणाचा एक कोपरा तडकलेला, त्यावर त्यांनीच लावलेली चिकटपट्टी. कचऱ्यात टाकणं शक्य नव्हतं. मुलगी म्हणाली, "जस्ट टेक इट टू इंडिया, आई." पण ते ती माती कुठे नेणार होते ते मला ठाऊक होतं. त्यांचं एवढं एकच काम अर्धं राहिलं होतं आणि घर सोडायच्या आत मला ते पुरं करायचं होतं. सुतकाच्या वर्षात हे चालतं का, बाईनं करावं का, हे मी कोणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

त्यांचा कोणीही मित्र मला गाडीतून घेऊन गेला असता. पण मग वाटभर त्यांच्याविषयी बोलणं आलं. म्हणून मी एका दिवसाच्या सहलीत दोन जागा घेतल्या. डोंगर, धबधबा, समुद्रकिनारा, दुपारचं जेवण, वाटाड्यासह.

वाटाड्या म्हणजेच ड्रायव्हर. रत्नागिरीकडचा मुसलमान, माझ्याहून थोडा लहान, बरीच वर्षं आखातात काढलेला. माझी कॉटनची साडी आणि हातातली कापडी पिशवी बघून त्यानं लगेच मराठी सुरू केलं. "ताई, पुढे बसा. मागे बसलात तर मसाफीच्या पुढच्या घाटात तुमचे हाल होतील." पिशवीत आमचा दहीभात, पोळ्या आणि तो डबा होता. मांडीवर घेववेना, म्हणून मी ती डिकीत ठेवायला दिली.

मागच्या सीटवर मुलीशेजारी उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड देशातलं एक म्हातारं जोडपं होतं. नवऱ्याच्या डोक्यावर पांढरी कापडी टोपी. त्याला बोलायची हौस होती. त्यांच्याकडेही अशीच एका दिवसाची सहल असते, तो सांगू लागला. आधी धबधबे, मग हिमनदी, मग ज्वालामुखीच्या काळ्या वाळूचा किनारा.

"सेम आयटेम इथे पण," वाटाड्या इंग्रजीत म्हणाला. "हे डोंगर म्हणजे एके काळचा समुद्राचा तळ, तापलेल्या रसाचा. वाळू त्याचीच. धबधबा आहे. आणि ग्लेशियर," त्यानं अंगठा मागे वळवला, "डिकीत. आइसबॉक्स फुल भरलाय!"

म्हातारा मोठ्यानं हसला. मीही हसले असते, पण वळणं सुरू झाली होती. मी डोळे मिटून घेतले.

किनाऱ्यावरच्या दिब्बा गावी वाटाड्या जुम्म्याच्या नमाजाला गेला. आम्ही मासळीबाजाराच्या सावलीत थांबलो. मुलगी माझ्या पाठीवर हात फिरवत राहिली. तो परतला, डिकी उघडून काहीतरी खुडबुड केली आणि म्हणाला, "यल्ला, चला, आता धबधबा."

धबधबा दगडांच्या वाटेनं, गाडी हिंदकळत आत गेल्यावर येतो. यजमान त्याच्यापाशी थांबून मग किनाऱ्यावर जायचे, एवढं मला माहीत होतं. जमलं तर माती इथेच, वाहत्या पाण्यात सोडावी असं माझ्या मनात होतं. पण ती शुक्रवारची दुपार. मनगटाएवढी पाण्याची धार, खाली हिरवट डोह, त्यात पोहणारे लोक. खडकांवर रंगानं लिहिलेली नावं. कोळशाचे ढीग, पोरांच्या लंगोटांची गाठोडी. मी काठावर उभी राहिले आणि मला एवढंच वाटलं की आता कुठेतरी बसायला मिळावं.

"इथे नको," मी मुलीला म्हटलं.

"ओके. नॉट हिअर," ती म्हणाली.

गाडीपाशी म्हातारीनं आइसबॉक्समधून कोल्ड्रिंकचा कॅन काढला आणि बोटांकडे बघत राहिली. कॅन करड्या चिखलानं माखला होता. दुसराही तसाच.

"हे काय झालं?" म्हणत वाटाड्यानं आत हात घातला आणि आमचा डबा वर काढला. चिकटपट्टी सुटली होती. त्यानं झाकण उघडलं. आत माती नव्हती, पातळ गाळ होता, आणि त्यात बर्फाचे तुकडे तरंगत होते.

"ताई, आइसक्रीम समजून मी..." तो म्हणाला. "दिब्ब्याला पिशवीत दिसलं. म्हटलं, वितळेल. म्हणून बर्फात खोचलं."

म्हातारीनं मुलीला काय आहे ते विचारलं. मुलीनं मान वर केली नाही. "क्ले," ती म्हणाली. आणि मग, "इट्स माय डॅड्स."

म्हाताऱ्यानं सावकाश डोक्यावरची टोपी काढली. ही त्यांची राख आहे असा त्याचा समज झाला, ते आमच्या लक्षात आलं. पण तो दूर करायला लागणारा दम दोघींपैकी कोणातच नव्हता. आणि तो अगदीच चुकीचा होता असंही नाही.

मी वाटाड्याला सांगितलं. गणपतीची माती आहे. दर वर्षी हे आणायचे. या वर्षी मी आणली.

तो ओशाळून डबा धरून उभा होता. "आमच्या शेजारच्यांकडे गौरी-गणपती असायचे," तो म्हणाला. "विसर्जनाला आम्ही पोरं पुढे. आणि आता माझ्या हातून हे. कसल्या पाण्यात घातलं मी!"

"नळाच्या," मी म्हटलं. "बर्फ नळाच्याच पाण्याचा ना?"

"फॅक्टरीतला. म्हणजे तेच."

मला हसू आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा, आणि तेही दमल्यासारखं, नाकातूनच. आता ते असते तर म्हणाले असते, मीठ काढून घेतलेला समुद्र.

"बर्फ टाकू नका," मी म्हटलं. "आइसबॉक्स तसाच किनाऱ्यावर घेऊ."

कॅन बाजूला ठेवून त्यानं डब्यातला गाळही आइसबॉक्समध्ये ओतला. थोड्या वेळानं गाडी समुद्राशी थांबली. मागे काळेकरडे डोंगर, पुढे त्यांच्याच दगडाची झिजून झालेली वाळू. यजमान नेमके इथेच यायचे का, कोण जाणे. मी शोधलं नाही. वाटाड्यानं एक कडी धरली, मुलीनं दुसरी. गुडघाभर पाण्यात दोघांनी आइसबॉक्स कलता केला. करडं पाणी पसरलं. बर्फाचे तुकडे लाटेबरोबर दोनदा काठाला आले आणि मग दिसेनासे झाले. मी साडी धरून घोट्यापर्यंत पाण्यात उभी होते. हात जोडायचं सुचलं तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.

"झालं?" वाटाड्यानं विचारलं.

"झालं."

"खलास," तो स्वतःशीच म्हणाला आणि आइसबॉक्स खळबळून धुवायला लागला.

वाळूचं माझ्या लक्षात नव्हतं. म्हणजे होतं, पण पाट बांधून झाला होता आणि कुंड्या शेजारणीला दिल्या होत्या. आणून ठेवायची कुठे? मी गाडीकडे वळले. मागे पाहिलं तर मुलगी ओणवी होऊन डब्यात वाळू भरत होती. मूठभर नाही, चांगला अर्धा डबा.

"अगं, एवढी कशाला?"

"बाबा नेहमी न्यायचे," ती म्हणाली. पूर्ण वाक्य, मराठीत.

परतीच्या वळणांवर तिनं तो डबा मांडीवर घट्ट धरून ठेवला. झाकण बसत नव्हतं. घरी आल्यावर तिनं दिवाणखान्यातला दिवा लावला. गणपतीचा पाट जिथे मांडायचो, तिथे आता पुस्तकांची खोकी होती. तिनं एक ढकलून बाजूला केलं आणि मोकळ्या झालेल्या फरशीवर डबा ठेवला. मी जवळ जाऊन बसले. वाळू अजून ओली होती.